पुढची दोन चाकं

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक आवाज राहायला आला होता. काचेवरून सळई गडगडत जाते, तसा. दादा संध्याकाळी कामावरून यायचा, हातपाय धुवून चहा प्यायचा आणि कोनाड्यातला फुटक्या आरशाचा तुकडा काढून जमिनीवर मांडायचा. खाली कागदाच्या घड्या सारून तो सपाट करायचा आणि त्यावर सायकलच्या स्पोकचा बोटभर तुकडा हलकेच लोटून द्यायचा. स्पोक सरळ असला की आवाज एकसारखा येतो. कुठे केसाएवढा जरी वाक असला तरी टिक, टिक असं लंगडं वाजतं. माय चुलीपुढे भाकरी थापत असायची. तिची पाठ आमच्याकडे असायची, पण कान आरशावर असायचे. "लंगडून राह्यला अजून," ती न बघताच सांगायची. दादा स्पोक उचलून दिव्याच्या उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा, लाकडावर ठेवून लहान हातोडीने एकच टोला मारायचा आणि पुन्हा लोटायचा. "आता?" "आता बी." असं किती संध्याकाळी चाललं, मी मोजलं नाही. मी कंदिलाच्या दुसऱ्या बाजूला बीजगणित सोडवत असायची आणि त्या दोघांच्या मध्ये तो स्पोक इकडून तिकडे गडगडत असायचा. आज कुणी मला सुख म्हणजे काय विचारलं तर मी तो आवाज सांगेन. पण असं विचारत कुणी नाही.

आमची वस्ती कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या भिंतीला लागून होती. भिंतीच्या अलीकडे आमची कुडाची घरं आणि पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं, पलीकडे साहेब लोकांची कॉलनी, बाग, शाळा आणि क्लब. बाबा मी तिसरीत असताना गेले. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याचं नाव मिलिंद. दहावी झाल्यावर त्याने पुस्तकं मला दिली आणि स्वतः कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. मी हुशार आहे, हे घरात कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण ते ठरलेलं होतं. कॉलनीच्या शाळेत बाहेरच्या वस्तीतली थोडी मुलं घेत, त्यात माझा नंबर लागला, तेव्हा दादाने मला सायकलवर बसवून सगळ्या वस्तीत फिरवलं होतं. मी पुढे शिकले, पदवी घेतली, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. ती पायरी ज्यांनी खालून धरून ठेवली होती, त्यांच्याबद्दल लिहायला मी आता बसले आहे. उशीर झाला, हे मला कळतं. दादाला जाऊन दोन पावसाळे झाले.

क्लबमध्ये एका मोठ्या टेबलावर विजेच्या छोट्या मोटारींचा रस्ता होता. परदेशात राहून आलेल्या कुणा साहेबाने तो जाताना क्लबला दिला होता. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेला, वळणावळणाचा. रस्त्यात दोन खाचा, प्रत्येक खाचेच्या दोन्ही अंगांना पत्र्याची बारीक पट्टी. गाडी हातभर नाही, टीचभर. तिच्या नाकाखाली एक चपटी जीभ असते, ती खाचेत उतरते. जिभेच्या बाजूंच्या तांब्याच्या झुपक्यांतून वीज वर मोटारीत जाते. हातातल्या पिस्तुलासारख्या कळीचा घोडा दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. वळणावर जास्त दाबला तर जीभ खाचेतून निसटते आणि गाडी टेबलाबाहेर उडते. साहेबांची मुलं तिला स्लॉट कार म्हणत. आम्ही वस्तीतले लोक, ज्यांनी ती खिडकीतूनच पाहिली होती, तिला खाचगाडी म्हणायचो. दरवर्षी ऐन थंडीत क्लबचा वार्षिक दिवस असायचा आणि त्या दिवशी सकाळी वर्कशॉपची लाल गाडी आणि इलेक्ट्रिकल खात्याची निळी गाडी यांची दहा फेऱ्यांची शर्यत लागायची. दरवर्षी निळी जिंकायची. मोटार गुंडाळणं हा त्यांचा रोजचाच धंदा होता.

त्या वर्षी वर्कशॉपच्या साहेबांनी लाल गाडी दादाच्या हातात दिली. पक्क्या नोकरीतली माणसं होती, तरी त्याला दिली. का, तर दादाने एकदा पंपाचा एक भाग इतका नीट घासला होता, की साहेबांनी तो घरी नेऊन बायकोला दाखवला म्हणे. साहेब हिंदीत बोलायचे. ते म्हणाले, "मिलिंद, गाड़ी बना के दिखा. तेरा हाथ सबके सामने देख लेंगे, तो अप्रेंटिस में नाम डालने को मुझे भी मुँह रहेगा." अप्रेंटिस म्हणजे कारखान्याचा माणूस. ठेकेदाराचा नव्हे. त्या एका शब्दामागे पक्कं घर होतं, दवाखाना होता, पुढे कधीतरी भिंतीच्या पलीकडे राहणं होतं. दादाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माय अंगणात गेली आणि आमच्या तांबड्या कोंबड्याकडे बघत उभी राहिली. "त्या दिवशी याले कापू," ती म्हणाली. तेवढंच.

दादाचं म्हणणं असं होतं, की सगळे मोटारीकडे आणि मागच्या चाकांकडे पाहतात. जोर तिथे असतो. पुढच्या चाकांना कुणी विचारत नाही. "ते काईच करत नाईत बाई," तो मला समजावायचा. घरात मला बाई म्हणायचा. "गाडी वढत नाईत, वळवत बी नाईत. वळवते ते जीभ. ह्या दोघायचं काम एकच. गाडीले पडू द्याचं नाई, अन् मधात मधात कराचं नाई." मी म्हणायची, "म्हंजे आपल्या मोठ्या मामासारखे." तो खो खो हसायचा. "मामा तं मधात मधात करते नं!"

तर मधात मधात न करणारी चाकं करायची, हा त्याचा ध्यास होता. जुना एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, त्याने काढून टाकला आणि स्पोकचा नवा केला. लेथवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हातापाया पडून अॅल्युमिनियमची दोन इवलीशी चाकं कातून घेतली. त्यावर टायर म्हणून भंगारातल्या पंपाच्या रबरी ओ-रिंगा चढवल्या. एक चाक एक्सलवर घट्ट बसवलं, दुसरं मोकळं ठेवलं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, दोन्ही घट्ट असली तर एक घासतं आणि गाडीचं नाक ओढतं, हे त्याचं त्यानेच शोधलं होतं. चाक बाजूला सरकू नये म्हणून पेनाच्या रिकाम्या रिफिलचे तांदळाएवढे तुकडे कापून दोन्हीकडे घातले. चाकाची उंची तो वहीच्या कागदाने मापायचा. कागद चाकाखालून अडखळत निघाला तर चाक खाली, सैल निघाला तर वर. नुसता टेकून निघाला पाहिजे. शेवटी रबर रस्त्याला धरू नये म्हणून त्यावर पातळ नेलपॉलिश लावायचं होतं. ते घरात कुठून असणार? मी वर्गातल्या एका मुलीकडून संपत आलेली बाटली मागून आणली. गुलाबी. लाल गाडीला गुलाबी टायर पाहून माय म्हणाली, "नवरी दिसून राह्यली."

वर्गातल्या मुलींबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मायचं माहेर मुलचेऱ्याकडचं, जंगलाजवळचं. पावसाळ्याच्या तोंडावर मोहाच्या बिया, म्हणजे टोळी वेचायच्या आणि त्यांचं तेल काढायचं, ही तिकडची रीत. मामा दरवर्षी एक मोठी बाटली भरून आणून द्यायचा. त्या तेलातच आमची भाजी व्हायची, त्यातच दिवा लागायचा आणि तेच माझ्या केसांना लागायचं. त्याला एक जड, कडवट वास असतो. मला तो मायचा वास वाटायचा. वर्गात मात्र मी बसले की मागच्या बाकावर रुमाल नाकाला जायचे. एक म्हणायची, "रत्नाच्या वेणीला वात लावून ठेवा गं, लाईट गेली की कामी येईल." मी एकदा घरी येऊन रडले आणि तेल लावणार नाही म्हणाले. माय बाटली परत कोनाड्यात ठेवून आली. दादा मला बाहेर विहिरीजवळ घेऊन गेला आणि म्हणाला, "तेल नाई लावलं तं मायले लागंल. अन् लावलं तं तुले लागते. काय कराचं सांग." मी तेल लावत राहिले. दादाने ते लक्षात ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी दादाची दुसरी पाळी होती. गाडी तयार होऊन पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. एक्सल दोन दिवसांपूर्वीच मायच्या कानाच्या परीक्षेत पास झाला होता. आरशावरून तो असा गेला होता, की मायने भाकरी तव्यावर टाकून मागे वळून पाहिलं. "आता वाजून राह्यला बराबर." मला ती गाडी एकदा हातात घ्यायची होती. चुलीपुढे बसून मी ती फडक्यातून काढली आणि पुढचं मोकळं चाक बोटाने फिरवलं. ते फिरलं, पण फिरताना एक बारीकशी चिवचिव आली. अगदी बारीक. मला वाटलं, दादाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्या घरात काहीही कुरकुरलं, पाळणा असो की दाराची बिजागरी, त्याला एकच औषध होतं. चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात टोळीच्या तेलाची बाटली असायची. मी काडीने एक थेंब एका चाकाला, एक थेंब दुसऱ्याला लावला. आणि बनवणाऱ्याने जीव ओतलाय तर आपणही कमी का करायचं, म्हणून जीभ जिथे फिरते त्या खिळ्यालाही एक थेंब दिला. चुलीच्या उबेत चाक असं निःशब्द फिरायला लागलं, की मी हसले. वरचं पुसलं, गाडी फडक्यात घातली, डबा बंद केला. दादाला सांगायचं नाही, शर्यत जिंकल्यावर सांगायचं, असं मनाशी ठरवलं. दादा पेन्सिलीचं शिसं घासून त्याची भुकटी एक्सलला लावायचा. का लावतो आणि तेल का लावत नाही, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

सकाळी कडाक्याची थंडी होती. टेबल क्लबच्या बॅडमिंटनच्या शेडमध्ये मांडलेलं, एक बाजू उघडी. आम्ही वस्तीतले लोक उघड्या बाजूला उभे. माझ्या वर्गातल्या मुली माझ्या मागेच स्वेटर घालून उभ्या होत्या. मायने पहाटेच माझ्या दोन वेण्या घट्ट तेल लावून घातल्या होत्या. दादा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी गेला. त्याने डबा उघडला, गाडी काढली, उलटी केली आणि पुढचं चाक बोटाने फिरवलं. मग त्याने ते बोट नाकाजवळ नेलं. मला वाटलं, थंडीने नाक गळत असेल. त्याने मान वर करून गर्दीत कुणाला तरी शोधलं. मी हात हलवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, शर्टाच्या कोपऱ्याने चाकं घाईघाईने पुसली, पण तोवर साहेबांनी हाक मारली आणि गाडी त्याच्या हातातून घेऊन खाचेत उतरवली, घोडा स्वतःच्या हातात घेतला.

शर्यत फार वेळ चालली नाही. निळी सुसाट निघाली. लाल गाडी सरळ रस्त्यावर अडखळत, धक्के खात गेली आणि पहिल्याच वळणावर तिचं नाक वळलंच नाही. सरळ गेली ती टेबलाखाली. दादाने उचलून परत ठेवली. दुसऱ्या वळणावर पुन्हा बाहेर. लोक हसायला लागले. चौथ्यांदा उडाली तेव्हा साहेबांनी घोडा खाली ठेवला आणि गाडी स्वतः उचलून चाकावर अंगठा फिरवला. "मिलिंद, ये पहिये जाम क्यों हैं? इसमें लगाया क्या है?" शेडमध्ये हसू थांबलं. सगळे ऐकत होते. माझ्या मागच्या मुलीसुद्धा. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुछ नहीं साब. एक्सल टेढ़ा रह गया. मेरी गलती है."

"ठेकेवालों को दोगे तो यही होगा," इलेक्ट्रिकलच्या बाजूने कुणीतरी म्हणालं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि "हाथ अभी कच्चा है, कोई बात नहीं" असं म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात अप्रेंटिसची नावं लागली, त्यात दादाचं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जे बोलले ते लिहायला माझा हात धजत नाही, पण लिहिलं पाहिजे. "इतके दिवस काचेवर घासून घासून शेवटी वाकडाच ठेवला नं? मले वर्गात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली तू." दादा उंबऱ्यावर बसून चपला काढत होता. "हौ नं बाई," तो म्हणाला, "नजर चुकली." माय चुलीपुढून उठली. "त्या दिवशी तं बराबर वाजून राह्यला होता तो. म्या आयकला. तो लंगडत नव्हता." आणि दादा, ज्याने मायला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, तो म्हणाला, "तुले काय समजते माय त्यातलं?" माय मग खाली बसली आणि चुलीत फुंकर घालायला लागली, चूल पेटलेली असूनसुद्धा. त्या दिवशी आम्ही भात आणि जवसाची चटणी खाल्ली.

कोंबडा वाचला. दादाने त्याचं नाव अप्रेंटिस ठेवलं. "ए अप्रेंटिस, ये, दाने खा," असं तो सकाळी म्हणायचा आणि आम्हाला हसवायचा. मी हसायची. उन्हाळा लागायच्या आत तो वर्कशॉप सोडून विजेच्या मोठ्या तारा ओढणाऱ्या टोळीबरोबर सिरोंच्याकडे निघून गेला. तिकडे गोदावरीच्या काठाकाठाने टॉवर उभे राहत होते. वर्षातून दोनदा यायचा, काळा आणि बारीक होऊन, तेलुगू शब्द घेऊन. त्याच्या बोटांना मोठमोठे नट आवळून घट्टे पडले होते. बारीक काम त्याने पुन्हा कधी हातात घेतलं नाही. शेजारच्याने घड्याळ दुरुस्तीला आणलं तर म्हणायचा, "माहा हात कच्चा हाये भाऊ."

मी चंद्रपूरला बीएस्सीला गेले. दादामुळे गेले, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. होस्टेलमध्ये मायने दिलेली तेलाची बाटली मी खिडकीत ठेवली होती. पहिल्या हिवाळ्यात मी ताप येऊन घरी होते, म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात ते झालं. सकाळी आंघोळीआधी मी तळव्यावर बाटली उलटी केली, तर एक थेंब आला नाही. आत तेल पांढरं, घट्ट, तुपासारखं बसलेलं. हे तेल थंडीत गोठतं हे जंगलपट्टीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या घरी माय दिवाळीनंतर बाटली चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवायची, म्हणून मी ते कधी घट्ट पाहिलं नव्हतं. मी काडी घालून ते खरवडायला लागले. आणि मग माझा हात थांबला. मला दादाचं बोट नाकाकडे जाताना दिसलं. ये पहिये जाम क्यों हैं. इसमें लगाया क्या है. माझ्या खोलीतली मुलगी विचारत होती, "काय गं, काय झालं?" आणि मी बाटलीला बूच लावत होते. पुढे आयुष्यभर मी मुलांना गोठणबिंदू शिकवला. फळ्यावर तो शब्द लिहिताना दर वर्षी मला पाठ वर्गाकडे असल्याचं बरं वाटायचं.

चौदा एप्रिलला दादा घरी आला. वस्तीत निळे झेंडे लागले होते, विहाराच्या समोर मुलं लेझीम खेळत होती, मायने खीर केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तो परत जाणार होता. बस यायच्या आधी आम्ही दोघं अंगणात निंबाखाली बसलो होतो. तो पिशवीची नाडी ओवत होता. चार महिने मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"दादा, त्या दिवशी एक्सल वाकडा नव्हता."

"कोन्त्या दिवशी?"

"तुले मालूम हाये कोन्त्या. तेल म्या लावलं होतं."

त्याने नाडी ओवणं थांबवलं नाही. "मालूम हाये."

"कवापासून?"

"चाक फिरवलं तवापासून. तुह्या वेनीचा वास ओळखत नाई काय मी?"

"मंग सांगितलं काऊन नाई? साहेब तोंडानं विचारून राह्यले होते. तेल हाये म्हनला असता तं त्याईनं पुसून पुन्हा लावली असती गाडी!"

"काय सांगाचं?" आता तो माझ्याकडे वळला. "टोळीचं तेल हाये साब, असं सांगाचं? त्या पोट्ट्या तुह्या मागंच उभ्या होत्या. तुह्या दोन्ही वेन्या तेलानं चमकून राह्यल्या होत्या. अर्ध्या शेडले समजलं असतं कोनं लावलं ते. तुले दहावी तिथूनच काढाची होती नं?"

मी रडायला लागले. म्हणाले, मी तुला किती बोलले, तोंड दाखवायची सोय नाही म्हणाले. तो म्हणाला, "बोलली तं बोलली. अप्रेंटिस तं जगला!" आणि हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू पुरतं आलं नाही.  मग उठून आत गेला आणि पत्र्याच्या पेटीतून एक काडेपेटी घेऊन आला. गाडी क्लबला परत देताना त्याने जुना एक्सल तिच्यात बसवून दिला होता आणि स्वतःचा काढून घेतला होता. काडेपेटीत कापसावर तो होता. स्पोकचा तुकडा, दोन चाकं, गुलाबी कडा. तेल धुळीने काळं झालेलं, एप्रिलच्या उन्हात ओलं.

"आता तू सायन्सवाली हायेस," तो म्हणाला. "एक सांग. तेल नसतं तं जिंकली असती का?"

"जिंकली असती," मी लगेच म्हणाले.

"असं माह्यासाठी नको सांगू. पाहून सांग."

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं तो माझ्यावर चिडला नव्हता, साहेबांवर नव्हता, पण एक प्रश्न त्याने टॉवरवर चढतानाही सोबत ठेवला होता. सगळ्यांसमोर तो 'माझा हात चुकला' म्हणाला होता, आणि हात खरंच चुकला होता की नव्हता, हे त्याचं त्यालाही कधी कळलं नव्हतं. आणि कळणारही नव्हतं. क्लबमधला तो रस्ता कधीच भंगारात गेला होता, त्या जागी कॅरम आला होता. पाहून सांगायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

मी आतून घासलेट आणलं. वाटीत एक्सल बुडवला, चिंधीच्या टोकाने मोकळं चाक आतून पुसलं, रिफिलचे तुकडे पुसले. काळं पाणी निघालं, आणि घासलेटाच्या वासातूनही तो वास आला. दादाने घरातली पेन्सिल घेतली, टोक खरवडून भुकटी एक्सलवर चोळली. त्याच्या बोटांना घट्टे पडले होते, तरी रिफिलचा तांदळाएवढा तुकडा त्याने पहिल्या खेपेला बसवला. मग एक्सल दोन बोटांच्या चिमटीत आडवा धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नखाने चाकाला टिचकी मारली.

चाक फिरायला लागलं.  त्याचा आवाज नव्हता, ती चिवचिव नव्हती, नुसती गुलाबी कड एक होऊन गेली होती. दादा त्याच्याकडे असा पाहत होता, जसा पूर्वी दिव्यापुढे स्पोक धरून पाहायचा. एक डोळा मिटून.

आतून मायने हाक दिली, "मिलिंद, मोटार येऊन राह्यली रे, उठ!"

"थांब माय," तो म्हणाला, "अजून फिरून राह्यलं."